बशीच्या बुडाखालचं नाव

मित्रहो, प्रश्न साधा आहे. ज्या वस्तूच्या मागं सक्ती उभी आहे, वेठ उभी आहे, ती वस्तू सुंदर असू शकते काय? आणि असली, तर ज्यांच्या बापजाद्यांनी पिढ्यान् पिढ्या वेठच केली त्या आपण तिला सुंदर म्हणायचं काय?

हा प्रश्न मला ताजमहालावरून काढता आला असता, एखाद्या वाड्यावरून, देवळावरून काढता आला असता. पण आपल्याकडच्या दगडाला हात लावला की आपली डोकी लगेच तापतात आणि घोषणा बाहेर पडतात. घोषणेला माझा विरोध नाही, मीही घसा बसेस्तोवर दिल्यात. पण इथं थोडं थंड डोकं पाहिजे. म्हणून लांबची वस्तू घेतो. चीनमधली, सहाशे वर्षांपूर्वीची, एक बशी.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ९५ नंबरची खोली आहे. तिच्यात सर पर्सिव्हल डेव्हिड ह्या माणसानं जमवलेली चिनी मातीची भांडी काचेआड मांडलेली आहेत, सुमारे १,७०० नग. २०२४ साली हा संग्रह म्युझियमला कायमचा देऊन टाकला गेला, तेव्हा त्याची किंमत अंदाजे शंभर कोटी पौंड सांगितली गेली. भागाकार करून बघा. एका नगाला जवळजवळ सहा लाख पौंड. एका वाटीला, एका बशीला.

त्यात मिंग घराण्याच्या श्वानदे बादशहाच्या काळातली भांडी आहेत. हा बादशहा १४२५ ते १४३५ राज्यावर होता. त्या काळची निळी-पांढरी बशी कशी असते ते सांगतो. दूध आटवून घट्ट केल्यासारखा पांढरा रंग, त्यावर फळाफुलांच्या डहाळ्या, आणि डहाळ्यांचा निळा असा की काही ठिकाणी तो काळपट होऊन साकळलेला असतो. ते साकळणं म्हंजे खरं तर रंगातला दोष. पण पुढं जाणकारांना तो दोषच आवडायला लागला. इतका की तीनशे वर्षांनी अठराव्या शतकातले कारागीर नव्या बशीवर मुद्दाम ठिपके मारून तसा दोष नकलेनं आणत. बादशहाच्या भांड्यातला दोषही दागिना होतो.

ही बशी जिंगदेझेन नावाच्या गावात झाली. दक्षिण चीनमधलं, जिआंगशी प्रांतातलं गाव. जवळच्या गावलिंग डोंगरातली पांढरी माती, तिच्यावरूनच जगभर ‘केओलिन’ हा शब्द गेला. दुसरा एक दगड, तो पाण्यावर चालणाऱ्या हातोड्यांनी कुटून पीठ करायचा. दोन्ही कालवायचं, मळायचं, मुरवायचं. चाकावर घडवायचं, तासायचं. कच्च्या भांड्यावरच कोबाल्टच्या निळ्यानं चितारायचं, कारण हा निळा झिलईच्या खाली असतो, वर नाही. मग झिलई. मग मातीच्या डब्यात बंद करून भट्टीत, तेराशे अंशांच्या आसपास. एवढ्या आचेला माती काचेसारखी होते. बोटानं वाजवली तर वाजते.

सोंग यिंगशिंग नावाच्या पंडितानं १६३७ साली धंद्या-हुन्नरांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यानं हिशेब मांडलाय की एक पेला पुरा व्हायला बहात्तर हातांतून जातो. पुढं १७१२ साली दान्त्रकोल नावाचा फ्रेंच पाद्री तिथून पत्र लिहितो, त्यातही सत्तर हातांची गोष्ट आहे. एकजण फक्त रेघ काढतो, दुसरा फक्त रंग भरतो, तिसरा फक्त काठावरची निळी वर्तुळं फिरवतो. आंधळे आणि लंगडेसुद्धा तिथं रंग कुटून पोट भरतात, असं तो लिहितो. पाद्रीबुवांना ह्याचं कौतुक वाटलं. मला ती ओळ वाचताना कुटणाऱ्याचा हात दिसला. त्यानं कुटलेला निळा त्याला कधी दिसणार नव्हता.

आता बशी उलटी करा. बुडाशी दुहेरी वर्तुळ आणि त्यात सहा अक्षरं. अर्थ असा : महान मिंग घराण्याच्या श्वानदे राजवटीत केलेली. केलेली! कुणी केली ते नाही. बहात्तर हात, आणि बुडाखाली नाव एकाचं, ज्यानं मातीत बोट बुडवलं नाही त्याचं. आणि ती सहा अक्षरं लिहिणाराही एक कारागीरच होता. आपल्या नावाच्या जागी दुसऱ्याचं नाव सुबक अक्षरात लिहिणं हेच त्याचं काम.

ह्याच डेव्हिड संग्रहात दोन उंच फुलदाण्या आहेत. त्यांच्यावर १३५१ सालचा लेख आहे. झांग वेनजिन नावाच्या भाविकानं त्या देवळाला वाहिल्या, घरादाराला सुख लाभो म्हणून. म्हणजे देणाऱ्याचं नाव आहे. पुढं विकत घेणाऱ्या डेव्हिडचं नाव तर त्या फुलदाण्यांनाच चिकटलंय, ‘डेव्हिड फुलदाण्या’. वाहणारा कळतो, घेणारा कळतो. घडवणाऱ्याचा पत्ता नाही.

कुणी म्हणेल, अहो तेव्हा कारागिराचं नाव लिहायची रीतच नव्हती. रीत होती. नानजिंग शहराचा चौदाव्या शतकातला तट आहे. त्याच्या विटांवर अधिकाऱ्यांसकट वीट पाडणाऱ्यांची नावं ठोकलेली आहेत. कशासाठी? वीट कच्ची निघाली तर माणूस सापडावा म्हणून. शाबासकीच्या जागी नाव नाही, शिक्षेच्या जागी आहे. आपल्याही आज्या-पणज्यांची नावं कागदावर कुठं सापडतात ते आठवा. सावकाराच्या वहीत, पोलीस पाटलाच्या हजेरीत, वेठीच्या यादीत.

तरीही घाई करू नका. ‘चीनचा कुंभार तोच आपला महार, जगातले सगळे राबणारे एक’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं, पण विचाराला लंगडं पडतं. मिंग काळात कारागीर घराणी सरकारी वहीत नोंदलेली असत. बापाचा धंदा तोच पोराचा, आणि ठरावीक दिवस बादशहाची वेठ. जन्मावरून धंदा, हे ऐकून आपले कान टवकारतात. पण पुढं ऐका. ती वेठ हळूहळू चांदीच्या भरण्यावर आली, आणि १६४५ साली नव्या छिंग राजवटीनं ही कारागीर-नोंदच रद्द केली. वहीत लिहिलं होतं, वहीतून काढलं. चीनमध्ये हलक्या मानलेल्या जमाती नव्हत्या असं नाही, होत्या, आणि हुकूम निघाल्यावरही त्यांच्याकडं बघणाऱ्यांच्या नजरा लगेच बदलल्या नाहीत. पण कुंभाराच्या कामाला तिथं वही होती, पोथी नव्हती. त्यानं घडवलेल्या बशीत बादशहा जेवायचा. शिवलेल्या हातानं बशी बाटत नव्हती. आपल्याकडं कामाची नुसती वाटणी झाली नाही, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी झाली आणि ती एकावर एक रचली, हे बाबासाहेबांनी सांगितलंय. बशीचा गुलाम आणि बशीला न शिवू शकणारा, ही दोन दुःखं आहेत. एकाच पोत्यात कोंबली तर दोन्ही कळणार नाहीत.

फुटक्या भांड्याची गोष्ट घ्या. जिंगदेझेनच्या सरकारी भट्टीतून निघालेल्या मालात जरा खोट दिसली, रेघ हलली, रंग पसरला, की ते भांडं फोडून तिथंच पुरत. बादशहाला चालणार नाही ते रयतेच्याही हाती जाता कामा नये. १९८०च्या दशकापासून तिथल्या झूशानच्या जागेत खोदकाम झालं आणि खापऱ्यांचे थर निघाले. त्या खापऱ्या जुळवून आता श्वानदे काळातल्या बशा पुन्हा उभ्या केल्या आहेत. म्हणजे तिथं भांडं फोडलं जाई ते कुणी त्यात खाऊ नये म्हणून.

आणि आपल्याकडं? मनूच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला ‘अपपात्र’ म्हटलंय. त्यानं जेवलेलं भांडं पुन्हा वापरायचं नाही, आणि त्याला अन्न द्यायचं तर फुटक्या भांड्यात द्यायचं. इथं भांडं फुटकं हवं ते आम्ही त्यात खावं म्हणून! २५ डिसेंबर १९२७ला महाडला जी पोथी जाळली तिच्यात हे होतं. जाळली ते बरंच झालं. पण पोथीतली ओळ पोथीबाहेर किती दिवस चालते ते मला माझ्या घरातच ठाऊक आहे.

माझी आजी रोजानं जायची. गावच्या हॉटेलात तिच्यासाठी कप होता. आत नाही, बाहेर, वळचणीच्या बांबूला अडकवलेला. कान तुटलेला. चहा वरून ओतायचा, तिनं खाली उकिडवं बसून प्यायचा, कप आपला आपण विसळायचा आणि जागेवर ठेवायचा. हॉटेलवाल्यानं मनुस्मृती वाचली नव्हती. त्याला कुणी सांगितलंही नसेल की चांगला कप नको, कान तुटलेला ठेव. त्याला ते आपोआप कळलं. हे आपोआप कळणं म्हणजे काय, ह्यावर आपल्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी एखादा पेपर वाचावा.

आणि तो कप चिनी मातीचाच होता. मोठी गंमत आहे ह्या मातीची. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसारखी मंडळी पाद्र्यांकडं चहा घेऊन आली तर केवढा कल्लोळ झाला, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. ओठ कशाला लागला, कुणाच्या घरी लागला, ह्यावर ह्या देशात धर्म उभा. आमच्या ओठांचा प्रश्न मात्र धर्मसभेपुढं आला नाही. तो बांबूला लटकला.

ओठावरून मुंबईची आठवण काढायलाच पाहिजे, कारण त्या लंडनच्या खोलीची एक वाट मुंबईतून जाते. पर्सिव्हल डेव्हिड जन्मला मुंबईत, १८९२ साली. बाप सर ससून डेव्हिड, सुताच्या धंद्यातला बडा शेठ, गिरणीमालक, १९०६ला निघालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांतला. ह्या घराच्या पेढीचा व्यापार चीनशी होता. १९१३ साली शांघायमध्ये हिंदुस्थानी अफूच्या उरलेल्या मालासाठी पेढ्यांनी गट बांधला, त्यात ही पेढी होती. म्हणजे इकडून अफू आणि सूत गेलं, आणि त्या बरकतीच्या घरात पुढं चीनच्या बादशहांची भांडी आली. बगदादी यहुदी म्हणून त्यांच्याकडंच बोट दाखवायचं आणि अफूवर गब्बर झालेल्या पारशी, गुजराती, मारवाडी शेठांना सोडायचं, असला चावटपणा मात्र आपण करायचा नाही. ते काम दुसरे करतात. आणि डेव्हिड नुसता पैसेवाला नव्हता, चिनी शिकलेला, खरा व्यासंगी माणूस होता. त्यानं भांडी लुटली नाहीत. पदच्युत बादशहाच्या घराण्यानं बँकेत गहाण टाकलेल्या मालातली काही त्यानं रोख मोजून घेतली. कायद्यानं सगळं चोख.

पण रोख कुठून आली हे कायदा विचारत नाही. ते आपण विचारायचं. मुंबईच्या गिरण्यांत आपली माणसं होती, पण विणकाम खात्यात नव्हती. तिथं मजुरी जास्त. का नव्हती? धोट्यातली कांडी बदलली की सुताचं टोक तोंडानं ओढून बाहेर काढावं लागे. महाराच्या तोंडाचा धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? १९२८-२९च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं उघड टाकला. सगळ्या कामगारांच्या एकजुटीच्या मधोमध हा ओठ उभा होता. कापड आमच्या उष्ट्यानं बाटत नव्हतं, धोटा बाटत होता. म्हणजे वस्तू शुद्धच, काम करणाराच अशुद्ध.

एक आणखी सांगतो, मग मुद्द्यावर येतो. १७१७ साली सॅक्सनीचा अधिपती ऑगस्टस ह्यानं प्रशियाच्या राजाकडून चिनी मातीची १५१ भांडी घेतली आणि बदल्यात ६०० घोडदळाचे शिपाई दिले. माणसं दिली, भांडी घेतली. भांडी अजून जपून ठेवली आहेत, त्यांना ‘शिपाई-भांडी’ अशा अर्थाचंच नाव आहे. सहाशे जणांचं काय झालं हे कुठल्या काचेआड मांडलेलं नाही.

तर आता बोला. ह्या बशीचं काय करायचं?

आपल्यातला एक गट म्हणतो, फोडा. निदान तोंड फिरवा. ही राजांची, शेठांची संस्कृती आहे, आपला तिला नकार. दुसरीकडं सौंदर्यशास्त्राचे प्राध्यापक म्हणतात, घाम बिम विसरा, रूप पाहा, आकार पाहा. ह्या दोघांत मला एक मोठं साम्य दिसतं. दोघांनीही बुडाखालची सहा अक्षरं खरी मानली आहेत. बशी बादशहाची, हे दोघांनाही मान्य. एक म्हणतो म्हणून ती फोडा, दुसरा म्हणतो म्हणून ती पूजा.

मला ते मान्य नाही. बादशहाला भट्टीची आच कळत नव्हती. डोंगरातली कुठली माती कुठल्या दगडाशी किती कालवायची, झरोक्यातून ज्वाळेचा रंग पाहून लाकूड कधी थांबवायचं, कच्च्या भांड्यावर करडा दिसणारा रंग आचेतून निळा होऊन कसा निघेल, हे सगळं ज्ञान बहात्तर हातांत होतं. ते ज्ञान फोडून आपण कुणाचा सूड घेणार?

इथं एक अवघड शंका येते, आणि ती टाळून चालणार नाही. मग काय सक्तीचे आभार मानायचे? सक्ती नसती तर इतकी नितळ बशी झालीच नसती, असं म्हणणारे शहाणे असतात. आपल्याकडंही जातीमुळं हुन्नर टिकले म्हणतात ना, तसेच. ह्याला उत्तर जिंगदेझेनच्याच इतिहासात आहे. वान्ली बादशहाच्या काळात, सोळाशे सालाच्या सुमारास, पान शियांग नावाचा खोजा अधिकारी तिथं दरबारची मागणी घेऊन बसला. मोठमोठी ड्रॅगनच्या नक्षीची रांजणं पाहिजेत. ती भट्टीत तडकत. मारहाण, उपासमार. तेव्हा तुंग बिन नावाच्या भट्टीकामगारानं भट्टीत उडी घेतली असं सांगतात. मग कामगार उठले आणि सरकारी कारखाना पेटला. काही वर्षांनी, १६०८च्या आसपास, दरबारची मागणी जवळजवळ बंद पडली. पुढची कित्येक दशकं बाजारासाठी माल काढणाऱ्या खासगी भट्ट्याच चालल्या. तेव्हा काय झालं, कारागिरी मेली? उलट त्या काळातली भांडी आज जाणकार डोक्यावर घेतात. नवी चित्रं, नवे आकार, मोकळा हात. मजुरी तिथंही पिळवणुकीचीच होती, त्याला मी स्वर्ग म्हणत नाही. पण चाबूक बाजूला झाला म्हणून हात थांबला नाही. सक्तीनं बशी घडवली नाही. बशीत कोण जेवणार एवढंच सक्तीनं ठरवलं.

आणि तुंग बिनचं काय झालं? त्याचा देव झाला. वाऱ्याचा आणि विस्तवाचा देव. त्याचं देऊळ झालं, आणि पुढं अठराव्या शतकात सरकारी कारखान्यावर आलेल्या थांग यिंग ह्या अधिकाऱ्यानं त्याचं गुणगान लिहिलं. हा थांग यिंग भला माणूस होता, तीन वर्षं कामगारांत जेवला-झोपला, काम शिकला. पण बघा काय होतं. ज्यानं दरबारच्या मागणीपुढं जीव दिला, त्याचीच पूजा करून दरबारची भट्टी पेटवायची. माल नीट निघू दे देवा! बंडाची आग नैवेद्याच्या उदबत्तीला लावली. हे मी चीनबद्दल लिहितोय. ज्यांना आपल्या चौकातले पुतळे आणि त्यांना हार घालायला येणारे हात आठवले असतील, त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर आठवावेत.

म्हणून नकार कशाला द्यायचा हे नेमकं ठरवलं पाहिजे. माझा नकार बशीला नाही, सहा अक्षरांना आहे. कुणी म्हणतं, ती भांडी चीनला परत द्या. द्यावीत की नाही हा वाद मोठा आहे, त्यात न्यायाची बाजूही आहे. पण काच तिथंही असेल आणि बुडाखालचं नाव तेच असेल. २०१४ साली शांघायच्या एका धनाढ्यानं मिंग काळचा कोंबड्यांच्या चित्राचा इवला पेला लिलावात २८ कोटी हाँगकाँग डॉलरला घेतला आणि त्यात चहा ओतून प्याला. जगभर ओरड झाली, ओठ लावला म्हणून! हा माणूस एकेकाळी टॅक्सी चालवायचा. खरं सांगतो, क्षणभर मला ते फार आवडलं. मग २८ कोटीचा आकडा आठवला.

त्याच ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात १९२० नंतर बाबासाहेब सकाळपासून बंद होईस्तोवर बसत. तेव्हा हा संग्रह त्या इमारतीत नव्हता, तो २००९ साली तिथं आला. हे मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या कुणीतरी बाबासाहेब बशीपुढं उभे आहेत असं कॅलेंडर काढील. ते तिथं बशा बघायला गेले नव्हते. रुपयाचा आणि सरकारी खजिन्याचा हिशेब तपासत होते. पैसा कुठून येतो, कुठं जातो. मला वाटतं म्युझियममध्ये जायची हीच रीत आहे. वस्तू डोळे भरून पाहायची आणि मग तिचा हिशेब मागायचा. त्या बशीच्या शेजारची पाटी आपण लिहायची झाली तर बादशहाचं नाव खाली बारीक अक्षरात जाईल. वर माती कुटणारा येईल, रेघवाला, रंगवाला, भट्टीवाला, अफू पिकवणारा, सूत कातणारा, आणि विणकाम खात्याच्या दारात थांबवलेला. नावं मिळणार नाहीत. कामं तरी लिहू.

माझ्या आजीच्या कपाचीही पाटी मी लिहायला घेतली आहे. गाव, हॉटेलाची जागा, कान कुठून तुटला होता, बांबू कुठल्या बाजूला होता. सालापाशी अडलो. आईला विचारलं, हे कुठल्या सालचं गं? ती म्हणाली, ‘‘साल कशाला पायजे? रोजचंच व्हतं की.’’